विरजण लागलेली साय

फाटलेलं टोमॅटो सूप चवीला काही वाईट लागत नाही. नेहमीपेक्षा जरा आंबट, इतकंच. पण ते वाडग्यात वाढलं की माणसं चमचा हातात धरून एकमेकांकडे बघायला लागतात, आणि मग कुणीतरी काहीतरी बोलतं. त्या रविवारी आमच्या टेबलावर जे बोललं गेलं, आणि त्याहून जास्त जे बोललं गेलं नाही, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तो जावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

सूप आमच्या घरात मी आणलं. त्याआधी तिथे सार व्हायचं. सासूबाई मूळच्या कोकणातल्या, त्यामुळे टोमॅटोच्या सारात नारळाचं दूध आणि वरून तुपाची फोडणी. ते सार मला कधी जमलं नाही. मी कळव्याला एका शाळेच्या ऑफिसात काम करते. फीच्या तक्रारी, दाखले, पालकांची टोलेबाजी, हे सगळं ऐकून संध्याकाळी डोंबिवलीत मानपाड्याला घरी पोचेपर्यंत अंगात त्राण उरत नाही. नारळ खवून त्याचं दूध काढायचं म्हटलं की मला रडू येई. म्हणून मी सूप करायला लागले. सासूबाईंनी पहिला चमचा तोंडात घेतला, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "हे सारच आहे गं, फक्त कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलं." मग दुसऱ्यांदा वाटी पुढे केली.

करायला अगदी सोपं. लालभडक टोमॅटो घ्यायचे, पिकलेले पण मऊ न पडलेले. कुकरमध्ये लोण्यावर कांदा आणि लसूण परतायचे, नुसते मऊ होईपर्यंत, रंग येऊ द्यायचा नाही. त्यात टोमॅटो आणि लाल भोपळ्याची एक फोड. भोपळ्याने दाटपणा येतो, कॉर्नफ्लोअरची लापशी होत नाही. मीठ, चिमूटभर साखर, जरासं पाणी, दोन शिट्ट्या. गार झालं की मिक्सरमधून काढून पुरणाच्या चाळणीतून गाळायचं आणि पुन्हा एक उकळी आणायची. मग गॅस बंद करायचा, आणि साय. साय वाटीत फेटून घ्यायची, तिच्यात पळीभर गरम सूप घालून ती कोमट करायची आणि मगच पातेल्यात ओतायची. एवढं सांभाळलं तर सूप मखमलीसारखं होतं. विकतच्या क्रीमची गरज नाही.

आता साय हे खातं आमच्याकडे सासूबाईंचं. त्या डोंबिवलीतल्याच एका शाळेत मराठी शिकवत. शुद्धलेखन आणि साय या दोन बाबतींत तडजोड नाही. रोज दूध तापवून गार झालं की वरची जाड साय काढून फ्रीजमधल्या स्टीलच्या डब्यात जायची. शनिवारी रात्री त्या डब्यात विरजण पडायचं, रविवारी सकाळी ताक, लोणी, तूप. घरभर कढणाऱ्या तुपाचा वास. त्या डब्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही हा नियम होता, आणि नियमाला कारणही होतं. विरजण लागलेली साय वरून साधीच दिसते. ती गरम सुपात घातली की संपलं. म्हणून सूप करताना मी दर वेळी विचारायची, "आई, विरजण नाही ना लावलेलं?" आणि त्या कोशिंबिरीसाठी काकडी चोचवत न बघताच सांगायच्या.

माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी सासूला आई म्हणत होते ते रीत म्हणून. पुढे कधीतरी ते खरं झालं. आम्ही भांडायचो, नाही असं नाही. माझे ऱ्हस्व-दीर्घ त्यांना खपायचे नाहीत आणि त्यांचं जुनं प्लास्टिक साठवणं मला. पण संध्याकाळी दार उघडून त्या म्हणायच्या, "आलीस? हातपाय धू, चहा टाकलाय." त्या एका वाक्यासाठी मी दिवसभराचं सगळं सहन करायची. आम्हाला मूलबाळ नाही. नवरा रात्री उशिरा येणारा. त्यामुळे त्या घरात मला जे माणूस होतं ते त्याच होत्या.

गेल्या वर्षी त्या विसरायला लागल्या. आधी चष्मा, किल्ल्या, सगळेच विसरतात तसं. मग एकदा सकाळच्या सगळ्याच दुधाला विरजण लावून ठेवलं आणि चहाला दूध उरलं नाही. आम्ही हसलो. मग दूध उतू जाऊन गॅस विझला तरी त्या तिथेच उभ्या. आणि एक दिवस नवऱ्यालाच त्या भाजी बाजारात सापडल्या, पिशवी हातात घेऊन, घरी जायला रिक्षा कुठून मिळते ते शेजारच्या कोथिंबीरवालीला विचारत होत्या. ज्या गावात उभा जन्म काढला त्या गावात.

आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं. दोघं गेलो होतो. भाजी बाजाराची हकीकत नवऱ्यानेच डॉक्टरांना सांगितली, मी सांगत होते तर मला थांबवून, कारण ती त्याने डोळ्यांनी पाहिली होती. डॉक्टरांनी बरेच प्रश्न विचारले, घड्याळ काढायला सांगितलं, आणि विस्मरणाची सुरुवात आहे म्हणून सांगितलं. औषध दिलं. एकटं सोडू नका म्हणाले.

परत येताना रिक्षात सासूबाई आमच्या दोघांच्या मध्ये बसल्या होत्या. म्हणाल्या, "थोरल्याला यातलं काही कळता कामा नये. तो मला उचलून ठाण्याला नेईल. तिथे बाविसाव्या मजल्यावर खिडकीत बसून मी काय करू? माझं वाचनालय, माझ्या बायका, माझं सगळं इथे आहे."

"नाही सांगत, आई," नवरा म्हणाला. आणि माझ्याकडे वाकून, "तूही बोलू नकोस हं कुठे."

मी कुठे बोलणार होते? मलाही त्या इथेच हव्या होत्या. मी शाळेत सांगून दुपारनंतरचं काम घरी आणायला लागले. खालच्या मजल्यावरच्या काकूंना सकाळी येऊन बसायला सांगितलं. गॅसचा मुख्य खटका निघताना बंद करायचा, पोळीवाली बाई आली की तिनेच चालू करायचा. हे सगळं अशा बेताने की सासूबाईंना ते राखण वाटू नये. ते कुणी माझ्यावर लादलं नव्हतं. मी ते आवडीने करत होते, म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

मग मोठे दीर रिटायर झाले. त्यांचं ठाण्याला घोडबंदर रोडवर मोठं घर आहे. एक दिवस त्यांचा फोन आला की आता आईला आम्ही नेणार, तुम्ही इतकी वर्षं केलंत, आता आमची पाळी, रविवारी येतो, बसून ठरवू. मोठ्या दिरांचं 'बसून ठरवू' म्हणजे ठरलेलं ऐकायला बसा.

सासूबाईंचा चेहराच उतरला. पण शिक्षिका त्या. लगेच सावरून म्हणाल्या, "मी ठणठणीत आहे हे त्याला दिसलं पाहिजे. मग तो कशाला नेतोय?" आठवडाभर आमची दोघींची तयारी चालली होती. बेत हलका ठेवायचा ठरला, दिरांना रात्री जड चालत नाही: टोमॅटो सूप, मसालेभात, कोशिंबीर, ताक. शनिवारी आम्ही ठरवलं की रविवारी पाहुणे आहेत, तेव्हा तुपाचा घाट पुढच्या आठवड्यावर टाकू, आणि सायीतली थोडी सुपाला वापरू. "मग आज विरजण लावत नाही," असं त्याच म्हणाल्या. मी ऐकलं आणि निश्चिंत झाले. माझी चूक म्हणायची तर एवढीच.

रविवारी संध्याकाळी वारा फिरला आणि कारखान्यांकडचा तो नेहमीचा उग्र वास आत यायला लागला. आम्ही सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, तरी स्वयंपाकघरात दुसरा कसला वास येईल तर शप्पथ. बाहेर दीर आणि जाऊबाई येऊन बसले होते. नवरा माझ्या शेजारी ओट्यापाशी ब्रेडचे तुकडे तुपात परतत होता. सूप उकळलं, मी गॅस बंद केला. सासूबाईंनी वाटी माझ्या हातात दिली. "घे. फेटून ठेवलीय."

"आई, विरजण नाही ना?"

"नाही गं, साधीच आहे."

नवरा हसला. "विचारतेस काय? आईचं खातं आहे ते."

हे मी मुद्दाम शब्दन् शब्द लिहितेय. स्वयंपाकघर एवढंसं, त्यात आम्ही तिघं, एकमेकांची कोपरं लागत होती. हे तिघांनीही ऐकलं.

मी पळीभर सूप वाटीत घातलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण बाहेरून जाऊबाई विचारत होत्या, काही मदत करू का, आणि मी घाईने सगळं पातेल्यात ओतलं. बघता बघता लाल रंगात पांढरे कण तरंगायला लागले. ढवळलं तसे आणखी सुटले. शनिवारी रात्री हाताच्या सवयीने सासूबाईंनी डब्यात विरजण घातलं होतं आणि घातल्याचं विसरल्या होत्या. मला ते तिथल्या तिथे कळलं. नवऱ्यालाही कळलं, कारण त्याने पातेल्यात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "असू दे, वाढ."

तेवढ्यात जाऊबाई आत आल्याच. "अगंबाई, फाटलं की गं." बाहेरून दीर म्हणाले, चालतंय, आणा तसंच. म्हणून वाढलं.

टेबलावर सगळे बसले. जाऊबाईंनी चमच्याने एक कण बाजूला केला आणि विचारलं, "साय जुनी होती का?" त्यांच्या बोलण्यात विष होतं असं मी म्हणणार नाही. कुणीही विचारलं असतं. मी तोंड उघडलं ते एवढंच म्हणायला की गडबड झाली माझी. मी ते माझ्या अंगावर घेणारच होते. सासूबाईंसाठी तेवढं सहज केलं असतं.

पण त्यांनी आधी वाडग्यात बघितलं. मग थोरल्या मुलाकडे. विरजण लावल्याचं त्यांना त्या क्षणी आठवलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. आणि त्या म्हणाल्या, "मी सांगत होते हिला, त्या डब्यातली घेऊ नकोस, विरजण लावलंय. पण माझं ऐकेल तर शपथ. या घरात माझं कोण ऐकतंय?"

मी चूक पत्करणं वेगळं आणि माझ्यावर ती अशी भिरकावणं वेगळं. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने आईला खोटं पाडावं अशी माझी मुळीच अपेक्षा नव्हती. 'अगं आई, होतं घाईत, सोड ना,' एवढं जरी तो म्हणाला असता तरी मला पुरलं असतं. त्याने चमच्यावर फुंकर मारली आणि सूप प्यायला.

"हेच," जाऊबाई दिरांना म्हणाल्या. "मी म्हणत नव्हते? घरात म्हाताऱ्या माणसाचं ऐकून घ्यायला कुणाला वेळ नसतो. ही दिवसभर कळव्याला. आई बिचाऱ्या एकट्या."

"आई, तू चलच आता," दीर म्हणाले.

सासूबाई चमच्याने वाडग्यातले कण कडेला सारत बसल्या. मग मीच बोलले. "भाऊजी, आईंना इथेच राहायचंय. त्यांनी मला स्वतः सांगितलंय तसं."

"मी कधी म्हटलं?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. एकदा खोटं बोलल्यावर त्याच्या मागोमाग जावं लागतं, तशा त्या चालल्या होत्या. "नेतोस तर ने."

दिरांनी नवऱ्याला विचारलं, तुझं काय मत. नवरा म्हणाला, "आईला बरं वाटेल तसं." मग त्याने मसालेभात मागितला.

पाहुणे गेल्यावर मी भांडी सिंकमध्ये टाकली आणि त्याला विचारलं, "तू ऐकलं होतंस ना? मी विचारलं होतं, त्या नाही म्हणाल्या."

"ऐकलं होतं."

"मग?"

"मग काय? दादासमोर आईला खोटं पाडू? तिला काय वाटलं असतं? सगळं बाहेर आलं असतं, डॉक्टरबिक्टर."

"आणि मला पाडलंस त्याचं?"

"अगं तू समजूतदार आहेस."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही शिवी मी इतकी स्पष्ट कधी ऐकली नव्हती. समजूतदार म्हणजे जिच्यावर ढकललं तरी चालतं अशी बाई. मी हे त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, आवाज खाली कर, आई जागी आहे.

जायच्या दिवशी सासूबाईंची बॅग मीच भरली. गोळ्यांचे डबे, मऊ झालेल्या सुती साड्या, वाचायचा चष्मा आणि दुसरा चष्मा. त्या पलंगावर बसून माझ्या हातांकडे बघत होत्या. "रागावलीस?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "तो समोर होता ना गं," एवढंच म्हणाल्या. थोरल्या मुलासमोर त्यांना अजून बाईच राहायचं होतं, फळ्यापुढे उभी राहणारी, न चुकणारी. मला ते कळलं. कळलं म्हणून राग गेला असं नाही, पण निम्मा गेला. उरलेला निम्मा त्यांच्या आजाराच्या नावावर टाकता येतो. दारातून निघताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि मी तो फिरवू दिला.

नवऱ्याला मात्र कुठलाही आजार नाही. त्याची स्मरणशक्ती उत्तम आहे. क्रिकेटचे जुने सामने त्याला चेंडूगणिक आठवतात. त्यामुळे त्याच्या वाटणीचा राग कुठे टाकावा हे मला अजून सापडलेलं नाही.

त्या गेल्यावर घर फार मोकळं झालं. संध्याकाळी मी स्वतःच्या किल्लीने दार उघडायला लागले, ही गोष्ट मला इतकी बोचेल असं वाटलं नव्हतं. फ्रीजमधला सायीचा डबा मी घासून वरच्या फळीवर ठेवून दिला. दूध तापवलं की साय तशीच चहात जायची. नवरा एकदोनदा म्हणाला, सूप कर ना, बरेच दिवसांत केलं नाहीस. मी नाही केलं. मला वाटायचं, एक दिवस तो आपणहून भावाला फोन करेल आणि सांगेल की त्या दिवशी हिची चूक नव्हती. सांगायला आता कुणाचं काय जात होतं? सासूबाई ठाण्याला जाऊन पोचल्या होत्या. मी रोज वाट बघायची आणि त्याला तसं बोलूनही दाखवायची. तो म्हणायचा, योग्य वेळ आली की सांगतो.

वेळ आली ती अशी. एका संध्याकाळी आम्ही दोघं चहा घेत होतो तेव्हा दिरांचा फोन आला. नवऱ्याने स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला. दीर हादरलेले होते. सासूबाई सकाळी लिफ्टने खाली उतरल्या होत्या आणि कुठल्या मजल्यावर राहतो ते त्यांना सांगता येईना. वॉचमनने घरोघरी फोन करून विचारलं. त्याआधी घरातल्या सगळ्या दुधाला दोनदा विरजण लावून झालं होतं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, या गोळ्या आधीपासून चालू आहेत, मग तुम्हाला माहीत कसं नाही?

"हे कधीपासून चाललंय?" दीर म्हणाले. "तुला माहीत होतं?"

मी हातातला कप खाली ठेवला. मला वाटलं, आता. आता तो सांगेल, आईने बजावलं होतं दादा, आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. भावाच्या चार शिव्या खाईल आणि सुटेल. मी त्याच्या बाजूने बोलायलाही तयार होते.

"नाही रे दादा," नवरा म्हणाला. "मी दिवसभर बाहेर. हीच बघायची आईचं सगळं. मला कधी काही बोलली नाही."

दीर म्हणाले, "तिला दे."

फोन स्पीकरवरच होता, द्यायचं असं काही नव्हतं. तरी त्याने तो उचलून माझ्यासमोर धरला. डोळ्यांनी विनवत होता, सांभाळून घे. मी सांभाळून घेतलं नाही. मी म्हटलं, "भाऊजी, डॉक्टरांकडे आम्ही दोघं गेलो होतो. तुमचे भाऊ माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. आई बाजारात हरवल्या होत्या ते डॉक्टरांना त्यांनीच सांगितलं. कुणाला सांगायचं नाही हेही त्यांनीच ठरवलं."

"त्याला कशाला मध्ये ओढतेस?" दीर म्हणाले. "आई म्हणत होती ते खरंच होतं. तू कुणाचं ऐकत नाहीस."

मी नवऱ्याकडे बघितलं. फोन त्याच्याच हातात होता आणि तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर. त्याने दुसऱ्या हाताने कप उचलला आणि चहावर फुंकर मारली.